स्वल्पविरामात अडकलेलं पाणी

आधीच सांगून ठेवते, माझा राग अजून उतरलेला नाही. शांत, समजूतदार बाईची गोष्ट वाचायची असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

मी दहा हजार लिहिलं तर ते दहा हजारच असतं. लिहायला मी उशिरा शिकले. चाळिशी उलटल्यावर शुक्रवार पेठेतल्या साक्षरता वर्गात जाऊन बसले, शेजारी माझ्याहून थोरल्या बायका, सगळ्यांच्या बोटांना तंबाखूचा वास. मी विड्या वळायची. अक्षरं मला जड गेली, पण आकडे पटकन आले, आणि त्यातही जीव जडला तो स्वल्पविरामावर. बाईंनी फळ्यावर १,००० लिहून दाखवलं तेव्हा मला वाटलं, हे मला आधीपासून ठाऊक आहे. हजार विड्या झाल्या की आम्ही सूप बाजूला ठेवून पाठ सरळ करायचो. स्वल्पविराम म्हणजे तेच. हजार झाले, जरा पाठ सरळ कर.

आता या स्वल्पविरामावरून सबंध सोसायटी माझ्यावर उठेल असं त्या वेळी कोणी सांगितलं असतं, तर मी पुढची बाराखडी शिकलेच नसते.

मी राहते जुळे सोलापुरात, मुलाकडे. मुलगा नोकरीनिमित्त रोज मंगळवेढ्याची एसटी पकडतो, त्यामुळे घरात दिवसभर मी आणि सून संघप्रिया. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. काम कसलं, तर दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या. चुका शोधायचा पगार मिळतो हे ऐकल्यावर आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायकांनी आपण किती वर्षं फुकट राबलो याचा हिशोब केला.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. मग टँकर. टँकरची मागणी सेक्रेटरी रावसाहेब करायचे. रावसाहेब कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त झालेले. पाण्याच्या टाकीच्या खोलीची किल्ली त्यांनी ओळखपत्रासारखी गळ्यात अडकवलेली असते, झोपतानाही काढत नाहीत असं त्यांची बायको सांगते. त्यांच्या पुतणीचं डोहाळजेवण असलं की टाकी भरलेली, आणि आमच्याकडे पाहुणे आले की "बघू, सांगतो त्याला." गेल्या उन्हाळ्यात मी सभेत यावर बोलले. बोलले म्हणजे ओरडले. शेवटी ठरलं की पाणी समिती नेमायची, आणि दुसरं कोणी हात वर न केल्यामुळे समिती म्हणजे मी. जन्मात मिळालेलं माझं पहिलं पद.

त्याच सुमारास संघप्रियाच्या कंपनीने टँकर मागवायचं ॲप मराठीत आणायचं ठरवलं. मोबाईलवर लिटर लिहायचे, मागणी टँकरच्या मालकाकडे जाते, टँकरच्या तोटीला मीटर असतो, लिहिलं तेवढं पाणी आलं की तोटी आपोआप बंद. वाटेत पाणी कमी होतं अशी तक्रार नको म्हणून मालकाने, गुरुसिद्धप्पांनी, हौसेनं मीटर बसवून घेतले. चाचणीसाठी सोसायटी हवी होती. संघप्रिया म्हणाली, "आई, आपलीच घेऊ या. तुम्ही मराठी आकडे टाकायचे, मी बघते नीट पोचतात का. पण एक. तुम्ही नेहमी लिहिता तसंच लिहायचं. कोणी काही सुचवलं तरी बदलायचं नाही. नाहीतर चाचणी कसली?"

रावसाहेबांनी सभेत अट घातली. "महिनाभर करा प्रयोग. मराठी आकड्यांनी दोनदा घोटाळा केला, तर ॲप इंग्रजीत आणि मागणी माझ्या हातात. आजी, पटतंय ना?"

इंग्रजी आकडे मला येत नाहीत. त्यांना ते ठाऊक होतं, मला ते ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हेही मला ठाऊक होतं. म्हणजे पाण्यासाठी पुन्हा त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. मी म्हणाले, पटतंय.

पहिल्या मागणीला मी चष्मा पुसला, पाटावर बसले, आणि लिहिलं: १०,०००. खाली आलं, "मागणी नोंदली. धन्यवाद." ॲप नम्र होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

टँकर आला. धुळा ड्रायव्हर उतरला, पाईप टाकीच्या तोंडात घातला, तोटी उघडली. बायका खाली बघायला आल्या होत्या. पाणी भसाभसा आलं, आणि आलं तसं खट्कन थांबलं. टाकीच्या तळाला एक बादलीही नसेल.

"धुळा, काय झालं रं?"

"झालं की, मावशी. दहा लिटर."

"दहा कसलं? दहा हजार."

"मीटर दहा म्हणतोय. माज्या हातात काय हाय? तुमी लिवलं तेवडं सुटलं."

"टँकर भरलेला हाय न्हवं?"

"गच भरलाय."

"मग सोड की."

"कसं सोडू? तोटीला कुलूप बसतंय. मालकाला बी खोलता येत न्हाई, मोबाईलवरनंच खुलतंय." त्याने पाईप गुंडाळला. "दहा लिटरसाटी एवडा टँकर आनला मी. आमच्या गावात दहा लिटर बाया कमरंवर आनत्यात."

भरलेला टँकर आमच्या डोळ्यांदेखत, हिंदकळत, वळणावरून निघून गेला. रस्त्यावर त्याने सांडलेलं पाणी आमच्या टाकीत पडलेल्या पाण्यापेक्षा जास्त होतं. वरच्या गॅलरीतून रावसाहेबांनी विचारलं, "भरली का टाकी, आजी?" काही माणसांचा आवाज नम्र असतो, तोंड नसतं.

आता सल्ल्यांना पूर आला, पाण्याला नाही. शेजारच्या इमारतीतली गंगम्मा माझी विडी कारखान्यातली जुनी मैत्रीण, ती धावत आली. घरात तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी, आणि भांडण असेल तर दोन्ही. म्हणाली, "बजाक्का, मराठी आकडा त्याला कळंना झालाय. माज्या नातीला सांग, ती इंग्लिशमदी टाकती." खालच्या मजल्यावरची रेश्मा म्हणाली, मोबाईल बंद करून चालू करा. तिच्या नवऱ्याचं मत पडलं की मोबाईलच बदला. एक गृहस्थ, ज्यांचा आमच्या सोसायटीशी काही संबंध नाही, ते भाजी घ्यायला थांबले होते, त्यांनी सांगितलं की पूर्वेकडे तोंड करून लिहीत जा.

संघप्रियानं मात्र बराच वेळ मोबाईल उलटासुलटा केला आणि म्हणाली, "आई, आकडा त्याला कळतोय. स्वल्पविराम कळत नाहीये. हे ॲप आधी परदेशातल्या एका गिऱ्हाइकासाठी बनलं होतं. तिकडे आपण जिथे दशांशाचं टिंब देतो तिथे स्वल्पविराम देतात. त्यामुळे तुमचं दहा हजार त्याने दहा पूर्णांक शून्य असं वाचलं."

"म्हणजे परदेशी ॲपला नऊवारी नेसवून पाठवलंय."

"साधारण तसंच."

"मग स्वल्पविराम न देता लिव," गंगम्मा म्हणाली. "एवडा टिकलीएवडा तर हाय."

मी तिला सांगितलं, टिकली लहान असते म्हणून कोणाच्या कपाळावरून काढून घ्यायची नसते. संघप्रिया हसली, पण लगेच गंभीर झाली. "बदलू नका, आई. तुम्ही असंच लिहिता, अजून कितीतरी लोक असंच लिहीत असतील. मी कळवते त्यांना."

तिने कळवलं. तिचे साहेब सतीश सर. मी त्यांना फक्त मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेलं, मागे भिंतीऐवजी समुद्राचं चित्र. पाण्याच्या ॲपचा साहेब समुद्राकाठी बसतो, चांगलं आहे. ते म्हणाले, "इंग्रजी आकडे आम्ही तपासलेत, परफेक्ट चालतात. प्रॉब्लेम मराठी आकड्यांचा आहे. आणि खरं सांगू का, ज्येष्ठ लोकांना हजार वगैरे अवघड जातं. आपण लिटर काढून टाकू, टँकरची संख्या विचारू. एक, दोन. सोपं. आकड्यांच्या मधलं जे काही चिन्ह असेल ते उडवायला सांगतो."

हजार अवघड जातं. मी दिवसाला हजार विड्या वळत होते तेव्हा हा माणूस दुधाच्या दातांनी बिस्कीट भिजवून खात असेल. पण संघप्रियाच्या नोकरीचा प्रश्न होता. मी पदर तोंडावर धरला आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापल्या. त्या दिवशीच्या भाकऱ्या इतक्या पातळ झाल्या की मुलगा म्हणाला, कडक भाकरीचा धंदा काढायला हरकत नाही.

पुढच्या मागणीला आम्हाला एक टँकर हवा होता आणि गंगम्माच्या इमारतीला अर्धा. त्यांची टाकी लहान, पूर्ण टँकर त्यांना परवडत नाही आणि मावतही नाही, म्हणून अर्धा आमच्याबरोबर घेतात. जुनी रीत आहे. मी लिहिलं: १.५. दशांशाचं टिंब देखील मला बाईंनीच शिकवलं होतं. "मागणी नोंदली. धन्यवाद."

सकाळी पहिला टँकर आला, टाकी भरली. मी रावसाहेबांच्या गॅलरीखाली उगीचच दोन फेऱ्या मारल्या. दुसरा टँकर आला, गंगम्माकडे अर्धा गेला. मग तिसरा आला.

"हा कुनाचा रं, धुळा?"

"तुमचाच, मावशी. मागं अजून हायत."

"मागं म्हंजे?"

"पंदरा सांगितलेत न्हवं. मालकाकडं तेवडं न्हाईत, त्यानं विजापूर रोडवरचे बी बोलवून घेतलेत. लई खूश हाय मालक. म्हनला, कुनाचं लगीन हाय का बघून ये."

चिन्ह उडवायला सांगितलं होतं, त्यांनी उडवलं. एक आणि पाचच्या मधलं टिंब गेलं आणि पंधरा उरले. कॉलनीच्या रस्त्यात टँकर असे उभे राहिले की शाळेची रिक्षा आत येईना आणि दूधवाला बाहेर जाईना. हॉर्न, शिव्या, कुत्री. तेवढ्यात बातमी पसरली की पाणी वाटतायत. आजूबाजूच्या चार कॉलन्यांतून माणसं पिंप, घागरी, टब घेऊन आली, एकजण तर लहान मुलाची अंघोळीची परात घेऊन आला. एक म्हातारा माझ्या पाया पडला आणि विचारलं, कुठल्या वॉर्डातून उभ्या आहात. रावसाहेब बनियनवरच खाली आले, गळ्यात किल्ली, आणि सगळ्या टँकरांसमोर उभे राहून म्हणाले, "मी सांगितलं होतं. मराठी आकडे."

"आकड्यानं काय केलं? टिंब कुनी खाल्लं ते विचारा की."

"टिंब असो, स्वल्पविराम असो. इंग्रजीत हे झालं नसतं. रविवारी सभा. तुमच्या सुनेच्या साहेबांनाही मी बोलावतो व्हिडिओवर."

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, मराठीसाठी दोन दाबा. मी मोजून ओळीतलं दुसरं बटण दाबलं. ती हिंदीत बोलायला लागली. तिला टिंब समजावून सांगेपर्यंत माझ्या मोबाईलची बॅटरी गेली. पंधरा टँकरांचं काय ते कंपनीने गुरुसिद्धप्पांशी मिटवलं, आणि ॲप होतं तसं जुनं करून ठेवलं: पुन्हा लिटर, पुन्हा तोच बिचारा स्वल्पविराम.

सतीश सरांनी त्यावर एक शहाणपण काढलं. सभेआधी त्यांनी ॲपवर एक प्रश्न पाठवला: मराठी आकडे वापरणारे तुमच्या माहितीत किती जण आहेत? संघप्रिया म्हणाली, "आई, यावर ठरणार आहे. लोक कमी निघाले तर ते मराठी आकडे काढून टाकतील, आणि मला 'चाचणी पास' असं लिहून द्यायला सांगतील."

गंगम्मा आणि मी दोन दुपारी विडी कामगारांच्या वसाहतीत फिरलो. दार उघडेल तिथे विचारत गेलो. काही घरांत चहा, काही घरांत जुनी भांडणं निघाली, एका ठिकाणी गंगम्माने वीस वर्षांपूर्वीचं सूप परत मागितलं. पण बायकांनी हात वर केले, आपापल्या गल्लीतली नावंही गोळा करून दिली. घड्याळ बघतात मराठीत, एसटीची पाटी वाचतात मराठीत, नातवंडाचं वजन लिहितात मराठीत. बाराशे नावं झाली. पाय सुजले होते, पण घरी येऊन मी उभ्यानेच लिहिलं: १,२००.

पाठवल्यावर संघप्रियानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती खाली बसली.

रविवारी सभेला सगळे आले. पंधरा टँकर ज्यांच्या दारात उभे होते तेही आले. भिंतीवर सतीश सर, त्यांच्या मागे समुद्र. ते म्हणाले, "आम्ही भावनेवर नाही, आकडेवारीवर चालतो. आमच्याकडे आलेल्या माहितीनुसार आपल्या भागात मराठी आकडे वापरणारे एक पूर्णांक दोन दशांश लोक आहेत. त्यामुळे ही सोय बंद करणं योग्य. संघप्रिया, तू पास लिहून आजच पाठव."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"साहेब," मी उभी राहिले. "एक म्हंजे मी आसंन. हे दोन दशांश कोन? त्याला पाय हायत का नुसतं डोकं?"

मागे हसू फुटलं. सतीश सर म्हणाले, "आजी, ती सरासरी असावी."

"सरासरी न्हाई. बाराशे बायका हायत त्या. माज्या हातानं लिवल्यात. तुमी इचारलं किती, मी सांगितलं किती, आन तुमच्या ॲपला मोजता येईना. आदी त्याला मोजायला शिकवा, मग आमाला काडा."

रावसाहेब पुढे आले. या माणसाला संधी दिसली की राहवत नाही. "हा वाद संपवू या. मी सगळ्यांसमोर इंग्रजीत मागणी करून दाखवतो. बघा कसं सरळ होतं." त्यांनी ॲप इंग्रजीत केलं, मोबाईल भिंतीला जोडला, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. निवृत्त कारकून माणूस, सवयीप्रमाणे स्वच्छ, वळणदार स्वल्पविराम देऊन: दहा, स्वल्पविराम, तीन शून्यं. आणि ऐटीत बटण दाबलं.

"ऑर्डर प्लेस्ड. थँक यू."

संघप्रिया जागेवरून उठली. "सर, मागणी मालकाकडे किती पोचली ते मी दाखवते." भिंतीवर आकडा आला. दहा.

समुद्रासमोर सतीश सर पुढे झुकले. इंग्रजी आकडे तपासले होते, पण स्वल्पविराम देऊन कोणी तपासलेच नव्हते.

"मी नापास लिहितेय, सर," संघप्रिया म्हणाली. "दोन्ही भाषांत. कारणासकट."

सतीश सरांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. मग ते म्हणाले, "लिही. तुझं बरोबर आहे." पाणी समिती माझ्याकडेच राहील असा ठराव झाला. रावसाहेबांनी हात वर केला नाही, पण खालीही ठेवला नाही, कान खाजवत राहिले.

त्यांनी दाबलेलं बटण मात्र खरं होतं हे गडबडीत सगळे विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळा टँकर घेऊन हजर. टाकी कोरडी, आणि रावसाहेब साबण लावून बसलेले. खाली आले ते टॉवेल गुंडाळून, एका गालावर फेस. तोटी सुटली, खट्कन थांबली. या वेळी मी बादली धरून तयारच होते.

"हे काय?" ते म्हणाले.

"तुमचं दहा हजार."

बादली त्यांच्या हातात दिली. ते जिना चढायला लागले तेव्हा मी मागून सांगितलं, "रावसाहेब, मी एक. ऱ्हायलेलं दोन दशांश कोन ते आत्ता कळालं."

त्या दिवशीचा टँकर त्यांनीच पुन्हा मागवला, स्वल्पविराम गिळून. मी तशी मागणी लिहिली नाही. बायका म्हणाल्या, एवढा ताठा बरा नव्हे, लोकांना पाणी हवंय. हवंय ना, आलं ना. मी काय कमी सोसलं होतं.

पंधरवड्यानं ॲप दुरुस्त होऊन आलं. संघप्रियानं मोबाईल माझ्या हातात दिला आणि स्वतः शेजारी बसली. मी चष्मा पुसला. पाटावर बसले. लिहिलं: १०,०००. या वेळी त्याने लगेच धन्यवाद म्हटलं नाही. पडद्यावर अक्षरात आलं, "दहा हजार लिटर. बरोबर?" आणि खाली "हो"चं बटण.

"दाबा की आई," संघप्रिया म्हणाली. "लोक खाली वाट बघतायत."

मी पाठ सरळ केली. बटण लगेच दाबलं नाही. थोडा वेळ त्याला तसंच विचारत ठेवलं.